शम्सुर रहमान फारुकी यांची समीक्षा कुठून आणि कशी वाचावी?

प्रश्न थोडक्यात असा: उर्दूचे समीक्षक आणि कादंबरीकार शम्सुर रहमान फारुकी यांची ‘द मिरर ऑफ ब्यूटी’ ही कादंबरी इंग्रजीतून वाचून झाली आहे आणि आता त्यांची समीक्षा वाचायची आहे. देवनागरीतून मीर-गालिब थोडेफार वाचलेत, सुरेश भटांच्या गझला तोंडपाठ आहेत, उर्दू लिपी येत नाही. सुरुवात कुठून करावी, नुसत्या इंग्रजी पुस्तकांवर भागेल का, आणि शेर वाचण्याची त्यांची पद्धत म्हणजे नेमकं काय?

इंग्रजीवर निम्मंच भागेल, हे आधीच सांगतो. इंग्रजीत लिहिताना फारुकींसमोर उर्दू न जाणणारा वाचक असतो. त्याला ते परंपरा समजावून सांगतात, कोण कुठे उभा आहे ते दाखवतात. उर्दूत लिहिताना समोर असतो तो शंभर वर्षं परक्या मापाने आपलीच कविता मोजत आलेला वाचक, आणि त्याच्याशी ते एकेका शब्दावरून वाद घालतात. त्यांचं खरं मोठं काम या वादात आहे. तेव्हा इंग्रजीच्या दाराने आत जावं, पण मुक्काम उर्दूत करावा. मराठी वाचकाला हे वाटतं तितकं अवघड नाही, का ते पुढे येईलच.

चरित्रातला आवश्यक भाग एवढाच. ३० सप्टेंबर १९३५ रोजी उत्तर प्रदेशात प्रतापगडला जन्म, शिक्षण आझमगड-गोरखपूरकडे, १९५५ मध्ये अलाहाबाद विद्यापीठातून एमए. तेही इंग्रजी साहित्यात. दोन-तीन वर्षं इंग्रजी शिकवल्यावर १९५८ मध्ये ते भारतीय टपाल सेवेत गेले आणि वरिष्ठ पदांवर काम करून १९९४ मध्ये निवृत्त झाले. उर्दू त्यांनी पदवीसाठी शिकलेली नव्हती आणि तिच्या प्राध्यापकीवर पोटही नव्हतं. १९६६ मध्ये अलाहाबादहून ‘शबखून’ हे मासिक सुरू झालं. शबखून म्हणजे रात्रीचा छापा. पत्नी जमीला यांच्या भक्कम पाठबळावर ते जवळजवळ चाळीस वर्षं चाललं आणि उर्दूतली आधुनिकता म्हणजे जदीदियत याच मासिकाभोवती उभी राहिली. साहित्य अकादमी पुरस्कार १९८६ मध्ये ‘तनकीदी अफकार’साठी, सरस्वती सन्मान १९९६ मध्ये ‘शेर-ए-शोरअंगेज’साठी, पद्मश्री २००९ मध्ये. २५ डिसेंबर २०२० रोजी अलाहाबादलाच ते वारले.

इंग्रजीचा एमए उर्दूचा एवढा मोठा समीक्षक कसा झाला, हे कळायला त्यांच्या आधीच्या दोन माणसांकडे पाहावं लागतं.

पहिले अल्ताफ हुसैन हाली. १८५७ नंतर दिल्ली उद्ध्वस्त झाली आणि जुन्या संस्कृतीवरचा विश्वासही तिच्याबरोबर गेला. हाली लाहोरला सरकारी बुक डेपोत इंग्रजीतून झालेल्या उर्दू भाषांतरांची भाषा दुरुस्त करण्याचं काम करत. इंग्रजी साहित्य त्यांना असं दुसऱ्या हाताने कळलं. १८९३ च्या ‘मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी’त त्यांनी ठरवून टाकलं की कविता साधी, खरी आणि निसर्गाला धरून असावी; जुनी गझल कृत्रिम झाली आहे. त्याआधी १८८० मध्ये मुहम्मद हुसैन आझादांच्या ‘आब-ए-हयात’ने जुन्या कवींची गोष्टीवेल्हाळ शब्दचित्रं रंगवून ठेवलेली होतीच. पुढच्या पिढ्या या दोन पुस्तकांवर वाढल्या.

दुसरे पाटण्याचे कलीमुद्दीन अहमद. हे इंग्रजीचे प्राध्यापक, केंब्रिजला शिकलेले. त्यांना इंग्रजी पहिल्या हाताने येत होतं आणि त्यांनी गझलेला ‘नीम-वहशी’ म्हणजे अर्धरानटी काव्यप्रकार म्हटलं, कारण तिचे शेर एकमेकांशी जोडलेले नसतात. इंग्रजी लिरिकला एकसंधपणा लागतो, गझलेत तो नाही, म्हणून गझल कमी प्रतीची.

फारुकींनी तेच इंग्रजी उलट्या कामाला लावलं. रिचर्ड्स, एम्पसन हे इंग्रज समीक्षक आणि अमेरिकन नवसमीक्षक यांच्याकडून त्यांनी शब्दाशी थांबून वाचायची शिस्त घेतली, अनेकार्थता हा दोष नसून गुण असतो हे घेतलं, आणि ही शिस्त घेऊन ते फारसी-अरबी-उर्दूच्या जुन्या काव्यशास्त्राकडे गेले. तिथे त्यांना दिसलं की हाली ज्याला कृत्रिम म्हणत होते त्याला जुन्या कवींकडे स्वतःची नावं होती, नियम होते, चांगल्या-वाईटाची कसोटी होती. ती पूर्ण व्यवस्था पुन्हा उभी करणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुष्कळ वाचक इथे गोंधळतात: सुरुवातीचे फारुकी आणि नंतरचे फारुकी एकाच जागी उभे नाहीत. १९६८ चं ‘लफ्ज-ओ-मानी’ आणि १९७३ चं ‘शेर, गैर-शेर और नस्र’ ही तरुण आधुनिकाची पुस्तकं आहेत. दुसऱ्या पुस्तकातल्या शीर्षकलेखात कविता कशाने कविता ठरते याची लक्षणं ते शोधतात: छंदोबद्धता, आटोपशीरपणा, स्वतःतच ताण धरणारा शब्द, संदिग्धता. ही लक्षणं ते जगातल्या कुठल्याही कवितेला लावू पाहतात. १९९० ते १९९४ दरम्यान आलेल्या ‘शेर-ए-शोरअंगेज’च्या चार खंडांत मात्र भूमिका अशी, की प्रत्येक साहित्यसंस्कृती आपली कसोटी स्वतः घडवते आणि मीरला मीरच्या काळाच्या कसोटीवर वाचलं पाहिजे. पहिल्या टप्प्यातलं वाक्य उचलून दुसऱ्या टप्प्यातल्या वाक्याशी भिडवलं की विसंगती दिसते. लेखाचं साल आधी पाहायची सवय लावून घ्या.

आता पद्धत. तिच्या केंद्रस्थानी दोन शब्द आहेत, मजमून आणि मानी. दोन्हींना मराठीत ‘आशय’ म्हणून मोकळं होता येत नाही. मजमून म्हणजे शेर कशाबद्दल आहे. मानी म्हणजे त्याबद्दल तो काय म्हणतो. प्रियकर शिकार आणि प्रेयसी शिकारी, हा मजमून. तो हजारो कवींचा सामाईक आहे. त्यातून नवं काही काढणं म्हणजे मजमून-आफरीनी. ते होतं कसं? रूपक वस्तुस्थिती मानलं जातं आणि त्या वस्तुस्थितीवर पुढचं रूपक रचलं जातं. प्रेयसी शिकारी आहे ना, मग तिला जाळं आहे, पिंजरा आहे, खोगिराला शिकार बांधायची वादी आहे. मग त्या वादीला बांधून घेण्याइतकीही आपली लायकी नाही, अशी खंत शिकार करू शकते. पहिलं रूपक विसरून तिसऱ्या पायरीवर कवी खेळत असतो. ‘ही काय क्रूर बाई’ असं म्हणत पहिल्याच पायरीवर बसणाऱ्याला खेळ दिसतच नाही. मानी-आफरीनी म्हणजे थोड्या शब्दांत एकाहून अधिक अर्थ उभे करणं. मजमून आणि मानी असे वेगळे करण्यामागे संस्कृत काव्यशास्त्राचा वारा असावा, असं फारुकी सुचवतात.

एक शेर घेऊन पाहू. गालिबचा, सगळ्यांच्या ओळखीचा:

कोई वीरानी सी वीरानी है
दश्त को देख के घर याद आया

हालींनीच १८९७ च्या ‘यादगार-ए-गालिब’मध्ये याचे दोन अर्थ दिले आहेत. रान इतकं ओसाड, की भीती वाटून घराची आठवण झाली. किंवा, आपल्याला वाटायचं आपलं घरच काय ते ओसाड; पण हे रानही थेट तसंच, म्हणून घर आठवलं. फारुकींच्या पद्धतीत पुढचा प्रश्न येतो: पहिली ओळ माहिती देते आहे, की उद्गार काढते आहे, की विचारते आहे? माहिती देणाऱ्या वाक्याला ते खबरिया म्हणतात. प्रश्न, उद्गार, आज्ञा, इच्छा यांना इन्शाइया. इन्शाइया वाक्याला खरं-खोटं लागत नाही, म्हणून त्यात जास्त अर्थ मावतात. मराठीत आपण म्हणतोच, ‘हा काय पाऊस!’ एका सुरात त्याचा अर्थ केवढा हा पाऊस, दुसऱ्या सुरात हा कसला पाऊस. तसं या ओळीचं करा. ‘ही काय ओसाडी म्हणायची!’ असा सूर लावला की तिसरा अर्थ उघडतो: रानात काही दम नाही, ओसाडी पाहायची तर माझ्या घरी चला. शब्द एकही बदलला नाही. सूर बदलला.

प्रेमाने विकत घेतलेली देवनागरी आवृत्ती नेमकी इथे घात करते. जुन्या उर्दू लेखनात विरामचिन्हं नसतात. देवनागरी संपादक वाचकाच्या सोयीसाठी उद्गारचिन्ह, स्वल्पविराम घालतो आणि तीन अर्थांतले दोन परस्पर मिटवतो. दुसरा घात इजाफतचा, म्हणजे दोन शब्द जोडणाऱ्या ‘ए’चा. ‘शोखी-ए-तहरीर’मधला तो ‘ए’ उर्दू लिपीत बहुतेकदा लिहिलेला नसतो. तो धरायचा की नाही हे वाचणाऱ्याने ठरवायचं, आणि कधीकधी धरला तर एक अर्थ, न धरला तर दुसरा. देवनागरीत तो छापला की निर्णय तुमच्या हातातून गेला. तिसरी गोष्ट, अक्षरं. नुक्तेवाल्या ज़ साठी उर्दूत चार अक्षरं आहेत (जाल, जे, ज्वाद, जोए), स साठी तीन, त साठी दोन. देवनागरीत ती एक होतात आणि शब्दांचं मूळ झाकलं जातं. हे टाळायचं असेल तर लिपी शिका. हिंदी समजणाऱ्या मराठी माणसाला रोज अर्धा तास दिला तर महिना-दीड महिन्यात छापील नस्तालीक, म्हणजे उर्दूची नेहमीची वळणदार लिपी, अडखळत का होईना वाचता येते, कारण शब्द कानाला आधीच ओळखीचे असतात.

दुसरा शेर मीरचा:

दिखाई दिए यूँ कि बे-ख़ुद किया
हमें आप से भी जुदा कर चले

हा लोक गाण्यातून ओळखतात आणि हळवा म्हणून सोडून देतात. आता थांबून वाचा. ‘आप’ म्हणजे तुम्ही, आणि ‘आप’ म्हणजे स्वतः. आमची तुमच्यापासून ताटातूट केली, आणि आमची आमच्यापासूनही केली. मराठी कानाला हे चटकन कळायला हवं, कारण आपल्या ‘आपण’मध्ये हे दोन्ही अर्थ अजून जिवंत आहेत. पहिल्या ओळीतल्या ‘बेखुद’मध्ये खुद म्हणजे पुन्हा स्वतःच. म्हणजे ‘खुद’ आणि ‘आप’ हे अर्थाने सख्खे शब्द दोन ओळींत समोरासमोर ठेवले आहेत. शब्दांच्या अशा नात्याला मुनासिबत म्हणतात, आणि दोन ओळी किती घट्ट बांधल्या आहेत त्याला रब्त. ‘दिखाई दिए’ने शेर सुरू होतो आणि ‘कर चले’ने संपतो: दिसणं आणि निघून जाणं एकाच श्वासात. कोण दिसलं? कर्ताच नाही. माणूस, देव, दोन्ही चालतात. एवढं सगळं झाल्यावरही शेर साधा वाटतो, ही रवानी. आणि अर्थ कळायच्या आधीच आत काहीतरी हलतं, ही कैफियत. फारुकींच्या मते कैफियत ही दर्जाची वेगळी जात आहे. कैफियत असलेल्या शेरात अर्थांची दाटी असलीच पाहिजे असं नाही. इथे मीरने दोन्ही साधलं.

याचं वृत्तही मोजून पाहा. दि-खा-ई, दि-ए-यूँ, कि-बे-खुद, कि-या: लगागा, लगागा, लगागा, लगा. म्हणजे मनाच्या श्लोकांचं भुजंगप्रयात, शेवटचा एक गुरू काढलेलं. मात्र अक्षरगणवृत्ताच्या सवयीने ‘खुद’ला लघु-लघु धरलंत तर ओळ मोडेल. अरूजमध्ये, म्हणजे फारसी-उर्दूच्या छंदशास्त्रात, ‘द’ला स्वर नाही, खुद मिळून एक गुरू. त्याचप्रमाणे का, की, से, है यांसारखे शब्दान्तीचे दीर्घ गरजेप्रमाणे लघु होतात. या दोन गोष्टी कळल्या की निम्मी तक्ती, म्हणजे ओळीचं वृत्त मोजणं, जमते. माधव जूलियन फारसीचे अध्यापक होते. त्यांच्या ‘छंदोरचने’त फारसी वृत्तांचा विचार मराठी मापांतच आहे, तेव्हा मराठी वाचकाकडे ही किल्ली आधीपासून आहे. फारुकींचं या विषयावरचं पुस्तक ‘अरूज, आहंग और बयान’, १९७७ चं. ते सुरुवातीला घेऊ नका, जड जातं.

मीरची एक चाल तर आपल्याला घरचीच वाटावी. ‘पत्ता पत्ता बूटा बूटा हाल हमारा जाने है’: मोजा, सोळा आणि चौदा, तीस मात्रा. हे उघडच मात्रावृत्त आहे. अरबी गणांत ते बसवताना अरूजच्या पंडितांची बरीच ओढाताण झाली. ‘बहर-ए-मीर’ असं त्याला वेगळं नाव मिळालं ते त्यामुळेच.

त्याच ओळीतला ‘हाल’ हा शब्द मराठी वाचकाला फसवतो. आपल्याकडे हाल म्हणजे यातना. तिथे हाल म्हणजे स्थिती, आणि सूफींच्या भाषेत भावसमाधी. असे शब्द पुष्कळ आहेत आणि ओळखीचे असल्यामुळेच धोक्याचे आहेत. आपण प्रयत्नांची शिकस्त करतो. गालिब ‘मैं हूँ अपनी शिकस्त की आवाज़’ म्हणतो तेव्हा शिकस्त म्हणजे मोडणं, तुटणं, हार. आपली तक्रार गाऱ्हाणं असते. तिथली तकरार पुनरुक्ती किंवा हुज्जत. आपला तमाशा फडावर असतो. तिथे तमाशा म्हणजे पाहण्यासारखं दृश्य, आणि नुसतं पाहणंही. गरीब म्हणजे निर्धन तर खरंच, पण आधी परका, परगावचा. नियम साधा आहे: जो शब्द मराठीत आहे तो कोशात आधी पाहायचा, अनोळखी शब्द नंतर. प्लॅट्सचा १८८४ चा उर्दू-इंग्रजी कोश वापरा. त्यात शब्दाचं संस्कृत-प्राकृत किंवा फारसी-अरबी मूळ दिलेलं असतं. फारुकी स्वतः कवीच्या काळाला जवळचे कोश धुंडाळत, म्हणजे अठराव्या शतकातल्या दिल्लीत टेकचंद ‘बहार’ने रचलेला ‘बहार-ए-अजम’ यासारखे, कारण शब्दाचा आजचा अर्थ मीरच्या तोंडी घालणं ही त्यांच्या लेखी समीक्षकाची पहिली चूक.

मग ‘शेर-ए-शोरअंगेज’ हे नाव का? ते मीरचंच आहे:

जहाँ से देखिए इक शेर-ए-शोर-अंगेज़ निकले है
क़यामत का सा हंगामा है हर जा मेरे दीवाँ में

शोरअंगेजी म्हणजे खळबळ उठवणारी भावना. ती स्वतःच्या दुःखाचं रडगाणं नसते. जगाच्या, काळाच्या स्थितीबद्दल जोराने काही म्हटलेलं असतं. मीरबद्दलची रूढ समजूत अशी की तो भोळा, दुःखी, साध्या भाषेचा कवी, आणि त्याच्या ढिगात काळजात घुसणारे फक्त बहात्तर शेर आहेत, ते ‘बहात्तर नश्तर’ (नश्तर म्हणजे शस्त्रक्रियेचं पातं). फारुकींनी मीरचे सहा दिवाण म्हणजे गझलसंग्रह, सुमारे १९०० गझला, ओळीने वाचून ही समजूत खोडली. त्यांचा मीर शृंगारिक आहे, खट्याळ आहे, फारसीचा जाणकार आहे, बाजारातला शब्दही तितक्याच हक्काने वापरतो आणि अर्थाच्या गुंतागुंतीत गालिबच्या बरोबरीने उभा राहतो. पुराव्यादाखल ते फारसी कवींचे त्याच मजमूनचे शेर शेजारी ठेवतात. मजमून कुठून आला आणि मीरने त्यात काय भर घातली हे दिसावं म्हणून. मजमून उचलणं ही चोरी नव्हती. उचलून पुढे न नेणं हा दोष होता.

यातून मराठी गझलेच्या वाचकाला एक मोठी अडचण येते. आपण ‘अनुभूतीची प्रामाणिकता’ या मापाने गझल जोखतो. कवीने भोगलं म्हणून लिहिलं, असं आपल्याला हवं असतं. हे मापही आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात इंग्रजी स्वच्छंदतावादाबरोबरच आलं आणि त्याच मापाने आपण मोरोपंतांना कोरडे ठरवून बाजूला ठेवलं. जुन्या गझलेत ‘मी’ हा कवी नसतो, ते एक ठरलेलं पात्र असतं. मीरचे शेर जोडून मीरचं चरित्र काढायला गेलात की फारुकींचं अर्धं लेखन तुम्हाला रागावल्यासारखं वाटेल. ते या एका सवयीविरुद्धच लिहिलेलं आहे.

आता दोन भाषांतल्या पुस्तकांचं नातं. ‘अर्ली उर्दू लिटररी कल्चर अँड हिस्टरी’ (२००१) आणि ‘उर्दू का इब्तिदाई जमाना’ ही एकाच विषयावरची दोन पुस्तकं, दोन्ही त्यांचीच. शब्दाला शब्द लावून पाहू नका. वाचक बदलला की त्यांचं विवेचन कुठे थांबतं आणि कुठे धावतं हे बदलतं. यातलं मुख्य प्रतिपादन महाराष्ट्रातल्या वाचकाने मुद्दाम वाचावं. ‘उर्दू’ हे भाषेचं नाव म्हणून अठराव्या शतकाच्या शेवटाकडे दिसू लागतं. त्याआधी तिला हिंदवी, हिंदी, देहलवी, गुजरी, दखनी, रेख्ता म्हणत. ‘उर्दू म्हणजे लष्कराची छावणी, सैनिकांच्या मिसळणीतून झालेली भाषा’ ही शाळेत सांगितली जाणारी गोष्ट फारुकींना मान्य नाही. त्यांच्या मते ‘उर्दू-ए-मुअल्ला’ म्हणजे शाहजहानाबाद शहर, आणि छावणीच्या कथेला बळ मिळालं ते कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजातून, १८०० नंतर. साहित्याची भाषा म्हणून ती गुजरात आणि दख्खनमध्ये आधी फुलली. दिल्ली नंतर जागी झाली, तीही वली या कवीमुळे. दिल्लीच्या एका बुजुर्गाने वलीला ‘फारसी मजमून वापर’ असं शिकवलं आणि मग तो मोठा झाला, ही आख्यायिका दिल्लीकरांनी आपला मोठेपणा राखण्यासाठी रचली असा त्यांचा आरोप आहे. वलीला औरंगाबादचा म्हणावं की गुजरातचा हा वाद जुना, पण सिराज औरंगाबादी या कवीबद्दल वाद नाही. औरंगाबादचा इतिहास वाचणाऱ्याने हे पुस्तक टाळून चालायचं नाही.

कादंबरीचं नातं याहून वेगळं. ‘कई चाँद थे सर-ए-आसमाँ’ २००६ ची. नायिका वजीर खानम, कवी दाग देहलवीची आई. ‘द मिरर ऑफ ब्यूटी’ २०१३ मध्ये त्यांनी स्वतःच इंग्रजीत आणली. उर्दू कादंबरीत त्या काळात नसलेला शब्द येऊ नये हे पथ्य त्यांनी पाळलं आहे. इंग्रजीत हे पथ्य जसंच्या तसं पाळणं शक्य नाही, म्हणून तिथे भाषा मुद्दाम जुन्या वळणाची, थोडी सावकाश केली आहे. पुष्कळांना ती जड वाटते. मला ती योग्य वाटते, कारण वेगवान आधुनिक इंग्रजीत ते जग उभंच राहिलं नसतं. हिंदी भाषांतर उपलब्ध आहे आणि मराठी वाचकाला ते मूळाच्या जास्त जवळ नेतं, कारण शब्दांची मोठी रास तशीच राहते. एक गंमतीची आणि महत्त्वाची गोष्ट: १९८२ च्या ‘अफसाने की हिमायत में’ मध्ये याच माणसाने कथा हा कवितेपेक्षा दुय्यम प्रकार आहे असं मांडलं होतं.

दास्तान म्हणजे तोंडी सांगितली जाणारी लांबलचक अद्भुतकथा; तिच्यावरचं काम मी थोडक्यात सांगतो, ते स्वतंत्र विषयाएवढं आहे. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने छापलेल्या ‘दास्तान-ए-अमीर हमजा’चे ४६ खंड त्यांनी जमवले, वाचले आणि ‘साहिरी, शाही, साहिबकिरानी’ हा बहुखंडी अभ्यास लिहिला. मुद्दा असा की दास्तान ही सांगायची गोष्ट आहे; तिच्यातली पुनरुक्ती, पाल्हाळ, मानसशास्त्राचा अभाव हे कादंबरीच्या मापाने दोष ठरतात, कथनाच्या मापाने गरजा आहेत. इथेही तेच: माप कुणाचं? २००५ मध्ये त्यांचे पुतणे महमूद फारुकी यांनी दास्तानगोई, म्हणजे दास्तान सांगण्याची कला, पुन्हा रंगमंचावर आणली, तिच्या पाठीशी हाच अभ्यास होता.

फारुकींवरचे आक्षेपही जाणून घ्या. प्रगतिशील समीक्षकांचा जुना आक्षेप असा, की शब्दाच्या कारागिरीत ते इतके रमतात की भूक, सत्ता, समाज नजरेआड होतात. यात थोडं तथ्य ‘शबखून’च्या पहिल्या वर्षांपुरतं आहे, हालींच्या पिढीवर वसाहतीने काय लादलं याचं नंतरचं विवेचन सामाजिकच आहे. दुसरा आक्षेप अर्थ ताणण्याचा. तो मला काही ठिकाणी पटतो. एका शेराचा सहावा-सातवा अर्थ काढताना कधीकधी शब्द तितकं ओझं पेलत नाहीत. त्यावर उपाय त्यांच्याच पद्धतीत आहे: प्रत्येक अर्थासाठी शेरातला शब्द दाखवता आला पाहिजे. दाखवता आला नाही तर तो अर्थ खोडा, मग तो फारुकींनी काढलेला का असेना.

क्रम असा ठेवा. आधी त्यांचा अठराव्या शतकातल्या उर्दू प्रेमकवितेच्या संकेतांवरचा इंग्रजी निबंध, ‘कन्व्हेन्शन्स ऑफ लव्ह, लव्ह ऑफ कन्व्हेन्शन्स’. तो दोन बैठकींत होतो आणि गझलेतला ‘मी’ कोण हा प्रश्न मिटवतो. मग ‘अर्ली उर्दू’चं पुस्तक. त्याच वेळी कोलंबिया विद्यापीठाच्या फ्रान्सेस प्रिचेट यांची दोन संकेतस्थळं उघडा: गालिबवरचं ‘अ डेझर्टफुल ऑफ रोझेस’ आणि मीरवरचं ‘अ गार्डन ऑफ कश्मीर’. दोन्ही विनामूल्य आहेत, शेर देवनागरीतही दिसतो आणि मीरच्या स्थळावर ‘शेर-ए-शोरअंगेज’मधली टीका इंग्रजीत मिळते. दिवसाला एकच शेर. आधी स्वतः वीस मिनिटं: तक्ती, कोश, वाक्य खबरिया की इन्शाइया, दोन ओळींचा रब्त, शब्दांची नाती. जे सुचलं ते कागदावर लिहून काढल्यावरच टीका वाचा. उलट क्रमाने केलंत तर फारुकींचे अर्थ पाठ होतील, वाचायची सवय लागणार नाही. असे शंभर शेर झाले, लिपी बसली, की उर्दूतून प्रथम ‘तफहीम-ए-गालिब’ घ्या. ते ‘शबखून’मधून क्रमशः आलेलं, सुटं-सुटं लिखाण असल्याने कुठूनही वाचता येतं. ‘शेर-ए-शोरअंगेज’ त्यानंतर. त्याची मांडणी दिवाणासारखी, रदीफच्या शेवटच्या अक्षरानुसार आहे, त्यामुळे सलग वाचण्यापेक्षा खंडाच्या आरंभीची प्रस्तावना आधी संपवा आणि मग ओळखीच्या गझलेवर जा. उर्दू पुस्तकं आणि ‘शबखून’चे जुने अंक ‘रेख्ता’ या संकेतस्थळाच्या ई-ग्रंथालयात सापडतात, छापील प्रत घ्यायची असेल तर चारही खंड एकाच आवृत्तीचे आहेत ना, हे मागवण्याआधी विचारून घ्या.